विषय : मन अस्वस्थ असल्याबाबत

पुण्यातील प्रतिष्ठित गृहस्थाने वयाची पन्नाशी ओलांडली की त्याच्या देहाची अवयववार वाटणी होऊन प्रत्येक अवयवाचा कारभार कोणाकडे सोपवावयाचा हे कायमचे ठरून गेलेले असते. गुडघे टिळक रस्त्यावरच्या डॉक्टरांकडे, डोळे लक्ष्मी रस्त्यावरच्या डॉक्टरांकडे, दाढा बाजीराव रस्त्यावर पहिल्या मजल्यावर बसणाऱ्या आणि ‘दुखलं तर सांगा’ असे दुखून झाल्यावर म्हणणाऱ्या दंतवैद्यांकडे, रक्तदाब आणि साखर कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरांकडे. आणि यांपैकी कोणाविषयीही विचारणा केली तर तो गृहस्थ फी, वेळ, स्कूटर लावण्याची सोय आणि त्या डॉक्टरांच्या तीर्थरूपांचा हातगुण यांचा इतक्या अधिकारवाणीने खुलासा करतो की, ऐकणाऱ्याला आपला गुडघा अद्याप शाबूत असल्याची खंत वाटावी. या वाटणीपत्रात मनाच्या नावावर मात्र एक गुंठाही निघत नाही.

याचा अर्थ मनाची काही तक्रारच नसते असा नव्हे. मन आपले सर्व व्यवहार बेनामी करते, इतकेच. धाकट्या भावाशी बोलणे बंद झाले की छातीत जळजळ होते, मुलगी परगावी गेली की मान आखडते, निवृत्तीला दोन वर्षे उरली की रात्री तीन वाजता जाग येते. आणि या प्रत्येकाची नोंद ‘पित्त’ या एकाच सदराखाली केली जाते. पित्ताइतका सोशिक आणि सर्वसमावेशक आजार आमच्या समाजाने दुसरा निर्माण केला नसेल. पित्त सांगताना कोणाला लाज वाटत नाही, पित्ताचे नाव घेतल्याने मुलीचे लग्न मोडत नाही आणि पित्तावर आमसुलापासून सूतशेखरापर्यंत सर्व काही चालते. आमच्या एका स्नेह्यांनी तर आपले सबंध दुःख पित्त म्हणून वाहिले, आणि त्यांचीच कैफियत येथे सांगावयाची आहे.

हे स्नेही सरकारी कार्यालयात लेखाधिकारी आहेत. एका रात्री त्यांची झोप गेली, ती परत आली नाही. पुढे छातीत धडधड सुरू झाली. रीतीप्रमाणे हृदयाचा आलेख निघाला, पट्ट्यावर चालवून झाले, थायरॉइड तपासून झाले, आणि सर्व अहवाल निर्दोष आले. वास्तविक निर्दोष अहवालाने माणसाला आनंद व्हावा. परंतु ज्याच्या आयुष्याची तीस वर्षे दुसऱ्यांच्या हिशेबातील दोष काढण्यात गेली, त्याला ‘आक्षेप नाही’ हा शेरा संशयास्पदच वाटणार. ते फॅमिली डॉक्टरांकडे परत गेले. डॉक्टरांनी दार लोटून घेतले, आवाज उतरवला, आणि ज्या स्वरात पूर्वी उसनवारीची बोलणी होत असत त्या स्वरात म्हणाले, “एकदा मनाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.” आणि चिठ्ठीची चौपदरी घडी करून हातात दिली.

ही घडी, हा उतरलेला आवाज आणि हे लोटलेले दार कोठून आले हे पुणेकराला सांगावे लागत नाही. येरवड्याचे मनोरुग्णालय १९१५ पासून तेथे उभे आहे आणि मध्यवर्ती कारागृहही त्याच येरवड्यात असल्यामुळे ‘याला येरवड्याला धाडा’ एवढे म्हटले की दोहोंपैकी कोणत्या फाटकातून धाडावयाचे याचा खुलासा ऐकणाऱ्यावर सोपवता येतो. मुंबईकरांची हीच सोय १९०१ सालापासून ठाण्याने केलेली आहे. राज्यातील उरलेली दोन प्रादेशिक मनोरुग्णालये रत्नागिरीस आणि नागपुरास असल्याने कोकण आणि विदर्भ याही बाबतीत वंचित नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या थट्टेत वापरलेले हे गावांचे उल्लेख रक्तात इतके मुरले आहेत की, मनाच्या डॉक्टरांचे नाव निघताच माणसाला प्रथम त्या भिंती दिसतात. निद्रानाश आणि त्या भिंती यांच्यामध्ये एक साधी खोली, दोन खुर्च्या आणि पाण्याचे भांडे एवढाच सरंजाम असू शकतो, हे सांगितले तर तो विश्वास ठेवीत नाही.

मनाचा विचार आमच्याकडे झालाच नाही असे कोणी म्हणू नये. समर्थांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक रचले आणि ते घरोघर तोंडपाठ झाले. मात्र त्या २०५ श्लोकांत बोलणे समर्थांचे आहे आणि ऐकणे मनाचे आहे. मनाची जबानी त्यात कोठे नोंदलेली नाही. समर्थांपुढे तोंड उघडण्याची मनाची छाती झाली नसावी, हे समजण्यासारखे आहे. पण पुढे ही वहिवाटच पडली. मराठी घरात मन हे उपदेश ऐकण्याचे इंद्रिय मानले जाते. स्नेह्यांनी झोप येत नसल्याचे घरच्या मंडळींना सांगितले तेव्हा त्याचा प्रत्यय आला. मामेसासरे म्हणाले, पहाटे चारला उठत जा. (ज्याला मुळात झोपच लागत नाही त्याला लवकर उठण्याचा सल्ला देण्यास एक विशिष्ट वयच लागते.) मेहुण्यांनी अनुलोमविलोम सांगितला. मोठ्या बहिणीने “तुला काय कमी आहे रे?” असा प्रश्न विचारून त्याचे उत्तर म्हणून फ्लॅट, पेन्शन आणि मुलीचे पॅकेज यांची यादी स्वतःच वाचून दाखविली. शेजारच्या काकांनी “आमच्या वेळी असलं काही नव्हतं” हे ठेवणीतले वाक्य काढले. ते खरेही असावे, कारण त्यांच्या वेळी त्यांच्या घरात जे होते त्याला त्यांची पत्नी ‘ह्यांचा स्वभाव’ म्हणत असे आणि मुले त्यापासून वाचण्यासाठी अभ्यासिकेत जात.

२०१५-१६ मधील राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसून आले की, निरनिराळ्या मानसिक विकारांच्या बाबतीत ज्यांना उपचारांची गरज आहे अशांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. स्नेह्यांच्या कार्यालयात ही माहिती निघाली तेव्हा एका सहकाऱ्याने “म्हणजे आपल्याकडे तसं काही नाही” असा निष्कर्ष तत्काळ काढला आणि पित्ताची गोळी घेतली.

आता योग्य मनोचिकित्सक शोधण्याचा प्रश्न. या कामी आमच्या लोकांना एकच पद्धत अवगत आहे आणि ती म्हणजे स्थळसंशोधनाची. माणूस अनुभवी असावा, पण वयस्क नसावा. नावाजलेला असावा, पण आपल्या ओळखीत कोणी त्याच्याकडे गेलेले नसावे. आपल्यातला असावा म्हणजे आपले म्हणणे त्याला कळेल, पण फार आपल्यातला नसावा, नाहीतर त्याची आत्या आपल्या वहिनींच्या भजनी मंडळात निघावयाची. दवाखाना जवळ असावा, पण आपल्या पेठेत नको. सर्वांत मुख्य म्हणजे चौकशी चारचौघांकडे करावी, पण चारचौघांना कळू नये. स्नेह्यांनी ही अट पुरी करण्यासाठी ‘कार्यालयातील एका कनिष्ठ लिपिकासाठी हवे आहे’ असे सांगण्यास सुरुवात केली, आणि त्याचा परिणाम असा झाला की त्या निरपराध लिपिकाकडे लोक सहानुभूतीने पाहू लागले आणि त्याला चहा पाजू लागले.

चौकशीत प्रथम उमगले ते हे की, या प्रांतात सनदा निरनिराळ्या आहेत. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकशास्त्राचे पदवीधर असून त्यावर मनोविकारांतील पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असतात. औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांचा. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत. ते चाचण्या घेतात आणि संभाषणातून उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असावी लागते आणि नोंदणी क्रमांक विचारला तर खरा मानसशास्त्रज्ञ रागावत नाही. राहिला ‘समुपदेशक’ हा फलक. तो लावणाऱ्यांत रीतसर पदव्युत्तर अभ्यास करून वर्षानुवर्षे वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेली उत्तम माणसे आहेत, आणि शनिवार-रविवारचे शिबिर करून सोमवारी फलक रंगवावयास टाकणारेही आहेत. फलकावरची अक्षरे दोघांचीही सारख्याच मापाची. आमचे लोक भाजीवाल्याकडे मेथीची जुडी उलटसुलट करून पाहतील, परंतु ज्याच्यापुढे अंतःकरण उघडावयाचे त्याची सनद विचारणे त्यांना असभ्यपणाचे वाटते. स्नेह्यांना तसे वाटले नाही. सनद मागणे हा त्यांचा व्यवसायच.

मग उपचारपद्धतींचा घोळ. फ्रॉइडपंथी बालपणात नेणार, वर्तनवादी सवयीला हात घालणार, बोधात्मक पद्धतीवाले विचारांची तपासणी करणार. स्नेह्यांनी अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराविषयी वाचले आणि ते काही दिवस एलिसमय झाले. १९५५ च्या सुमारास ही पद्धत मांडणारे एलिस स्वतः तरुणपणी विलक्षण लाजाळू होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील वनस्पतिउद्यानात महिनाभर रोज जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलण्याचा नेम केला. अशा १३० स्त्रिया भेटल्या. तीस तत्काळ उठून गेल्या, शंभरांशी बोलणे झाले, एकीने पुन्हा भेटण्याचे कबूल केले आणि ती आली नाही. एलिस यांचे म्हणणे असे की, एवढे होऊनही आकाश कोसळले नाही आणि त्यांचा भिडस्तपणा गेला. हा प्रयोग संभाजी उद्यानात केल्यास विवेकनिष्ठ मानसोपचाराऐवजी दखलपात्र गुन्हा निष्पन्न होईल, असा अभिप्राय स्नेह्यांच्या पत्नींनी, म्हणजे आमच्या वहिनींनी, दिला. त्यावर एलिस प्रकरण तूर्त दप्तरी दाखल झाले.

वस्तुतः एवढे वाचन करण्याची गरज नव्हती. सॉल रोझेन्झ्वाइग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३६ सालीच असे सुचविले होते की, निरनिराळ्या पद्धतींचे परिणाम बहुधा सारखेच निघतात, कारण सर्वांत समान असे काही घटक त्यामागे काम करीत असतात. आणि ‘अ‍ॅलिस’च्या गोष्टीत शर्यत संपल्यावर सर्वांनाच बक्षीस जाहीर करणारा डोडो पक्षी त्याने यासाठी साक्षीला बोलाविला होता. पुढे १९७९ मध्ये एडवर्ड बॉर्डिन यांनी त्यातील मुख्य घटक उलगडून दाखविला. उद्दिष्ट काय, त्यासाठी करावयाचे काय आणि दोघांत जिव्हाळा आहे की नाही, या तीन बाबींवर बोलणारा आणि ऐकणारा यांचे जमले पाहिजे. तज्ज्ञांत या डोडोवरून आजही वाद आहेत आणि विशिष्ट विकारांसाठी विशिष्ट पद्धती सरस ठरतात असे मानणारेही पुष्कळ आहेत. परंतु समोरच्या माणसाशी जमले पाहिजे, एवढ्यावर सहसा कोणी हरकत घेत नाही.

याप्रमाणे सर्व सिद्धता झाली आणि फोन करण्याचा क्षण आला. तो आठवडाभर टळला. मुलीने हैदराबादहून एका मानसशास्त्रज्ञ बाईंचा क्रमांक पाठविला होता आणि “बाबा, नुसता मेसेज टाका” असे बजाविले होते. ‘नुसता मेसेज’ ही गोष्ट त्या पिढीला सोपी. ज्याने आयुष्यात विषय आणि संदर्भ यांवाचून एक ओळ लिहिली नाही, त्याने काय टाकावे? अखेरीस एका रात्री साडेतीन वाजता, म्हणजे जेव्हा पित्तसुद्धा झोपी गेलेले असते अशा वेळी, त्यांनी मसुदा तयार केला. तो त्यांनीच आम्हाला नंतर दाखविला, म्हणून सांगतो. ‘विषय : मन अस्वस्थ असल्याबाबत. संदर्भ : फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदारास मागील काही काळापासून निद्रा येत नसून विनाकारण धडधड होत आहे. सर्व तपासण्या केल्या असता आक्षेपार्ह काही आढळून आले नाही. तरी योग्य ती कार्यवाही होण्यास विनंती आहे. सहपत्रे : हृदयाचा आलेख, थायरॉइड अहवाल.’ खाली ‘आपला विश्वासू’.

हा मसुदा वाचून आम्ही हसलो, हे कबूल करावे लागेल. पण मागाहून विचार केला तेव्हा वाटले की त्यात हसण्यासारखे फारसे काही नाही. मनाचे शास्त्र या देशात आले तेही पुष्कळसे टपालानेच आले. कलकत्त्यास १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस यांनी फ्रॉइडशी जे काही केले ते पत्रांतून केले, आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करूनच ती विचारसरणी महाराष्ट्रात रुजविली. ज्याला तोंडाने ‘मला बरं वाटत नाही’ एवढे चार शब्द उच्चारता येत नाहीत, त्याने ते अर्जदाराच्या तोंडून वदवून घेतले तर बिघडले कोठे? उलट आमचे असे मत झाले आहे की, प्रत्येक चिकित्सालयाने एक छापील नमुना ठेवावा. मराठी माणूस रांग लावील. ज्याला नमुनाही नको असेल त्याच्यासाठी सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस नावाची व्यवस्था केलेली आहे. १४४१६ हा क्रमांक रात्री साडेतीन वाजताही चालतो, मराठीत बोलता येते, आणि समोरचा माणूस मामेसासरा नसतो.

बाईंचे उत्तर सकाळी आले. त्यांच्याकडे तीन आठवड्यांनी जागा होती. आपल्या देशात एक लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ एकसुद्धा पुरता भरत नाही, पाऊणच भरतो, आणि मानसशास्त्रज्ञांची गोष्ट याहून फारशी निराळी नाही, हे पाहता तीन आठवडे म्हणजे काहीच नव्हे. तथापि दरखास्त एकदा दाखल केल्यावर थांबणे स्नेह्यांना अशक्य झाले. आणि मधल्या काळासाठी ते एका दुसऱ्याच समुपदेशक गृहस्थांकडे गेले. त्यांची सनद मागावयाचे राहिले, कारण ती भिंतीवर अठरा चौकटींत लावलेली होती. या गृहस्थांनी पन्नास मिनिटांपैकी चाळीस मिनिटे स्वतःच भाषण केले, त्यात सिंगापूरच्या सहलीचे वर्णन होते. उरलेल्या वेळात ‘पॉझिटिव्ह’ राहण्याची पाच सूत्रे लिहून दिली आणि निघताना स्वतःच्या पुस्तकाची प्रत सवलतीत दिली. स्नेही घरी आले ते अधिकच थकून. तरीही त्यांनी पुढची वेळ घेऊन ठेवली होती. का, तर नाही म्हटले असते तर त्या गृहस्थांना वाईट वाटले असते.

हा दोष त्यांचा एकट्याचा नव्हे. आमच्याकडे न जमलेला डॉक्टर बदलणे हे कृतघ्नपणात मोडते, आणि न जमलेला मनोचिकित्सक बदलणे म्हणजे तर आपलेच मन बिघडल्याचा पुरावा. पाचपैकी पाच सूत्रे पाळूनही झोप येत नाही, तेव्हा माणूस सूत्रांवर संशय घेत नाही, स्वतःवर घेतो. पुष्कळ मंडळी या एकाच भेटीवरून ‘हे सगळं थोतांड आहे’ असा निकाल लावून पित्ताकडे परततात आणि तेथेच राहतात. वास्तविक या व्यवसायातील जाणती माणसे स्वतःच सांगतात की दोनचार भेटींत जमत नाहीसे वाटले तर मोकळेपणाने बोला आणि दुसरीकडे जा. त्यात अपमान नाही. स्नेह्यांनी वेळ रद्द करण्यासाठी कारणांचा दीड पानी खुलासा तयार केला आणि फोन लावला. पलीकडच्या मुलीने “ठीक आहे काका” म्हटले आणि फोन ठेवला. खुलासा वाचावयाचा राहिला तो राहिलाच.

तीन आठवड्यांनी ते बाईंकडे गेले. इमारतीत तळमजल्यावर औषधांचे दुकान, पहिल्यावर बाई, दुसऱ्यावर करसल्लागार. स्नेह्यांनी स्कूटर दोन गल्ल्या अलीकडे लावली, टोपी डोळ्यांवर ओढली, आणि बाहेरच्या बाकावर बसले तो शेजारी त्यांच्याच सोसायटीचे सेक्रेटरी. दोघांनीही एकाच वेळी सांगितले की करसल्लागारांकडे आलो होतो, वर गर्दी आहे. दोघांनाही ठाऊक होते की विवरणपत्राची मुदत ३१ जुलैलाच संपली आहे आणि हा दिवाळीनंतरचा मंगळवार आहे. मग सेक्रेटरी बराच वेळ भिंतीकडे पाहून म्हणाले, “बाई चांगल्या आहेत हो. घाबरू नका.” गच्चीच्या गळतीवरून दोघांत तीन वर्षे जो पत्रव्यवहार चालू होता, त्यात एवढे सरळ वाक्य एकदाही आले नव्हते.

आत कोच नव्हता. स्नेह्यांची त्याबाबत निराशा झाली, कारण फ्रॉइडच्या कोचाविषयी त्यांनी वाचले होते. तो कोच फ्रॉइडला १८९० च्या सुमारास एका कृतज्ञ रुग्ण बाईंनी भेट दिला होता आणि आता लंडनच्या संग्रहालयात आहे. येथे दोन साध्या खुर्च्या होत्या. बाई तिशीतल्या. त्यांनी प्रथम औषधे कोणती चालू आहेत, जीव नकोसा होतो का, असे मोजके प्रश्न विचारले. गरज भासली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवू आणि औषध लागले तर त्यात कमीपणा नाही, हेही सांगितले. मग म्हणाल्या, “हे कधीपासून सुरू झालं?”

“वडिलांचं वारसाचं काम संपल्यापासून.”

“वडील गेले?”

“हो. त्याला चार वर्षं झाली.” आणि स्नेह्यांनी पिशवीतून फाइल काढली. मृत्यूचा दाखला, वारस नोंद, सात-बारा, आठ-अ, फेरफार, तलाठ्यांकडचे सहा अर्ज, त्यांवरील पोच. वडिलांच्या जमिनीचा फेरफार मंजूर होण्यास पावणेचार वर्षे लागली होती, आणि त्या पावणेचार वर्षांत त्यांना उत्तम झोप लागत असे. रोज एक काम असे. फेरफार मंजूर झाला, त्या रात्री झोप गेली.

“वडिलांविषयी सांगाल?” बाई म्हणाल्या.

“सांगतो. जन्म १९३८. जिल्हा परिषद सेवा. निवृत्ती १९९६. पीपीओ क्रमांक पाहिजे असेल तर मागच्या पानावर आहे.”

“नको. घरात कसे होते?”

स्नेह्यांनी फाइल चाळली. तेथे तो कागद नव्हता. “पावत्या ठेवायचे,” ते अखेर म्हणाले.

“कसल्या?”

“सगळ्याच.” आणि मग काही वेळाने, “माझ्या घड्याळाची होती. दहावी झालो तेव्हा घेतलेलं. एचएमटी. १९८५ ची पावती. ट्रंकेत मिळाली.”

“मग काय केलंत तिचं?”

“संकीर्णमध्ये लावली.”

पुढच्या पंधरा मिनिटांत काय झाले हे त्यांनी आम्हाला सांगितले नाही. पाणी मागितले एवढेच सांगितले. पहिल्या भेटीचा वृत्तांत देताना त्यांचा स्वर मात्र फिर्यादीचा होता. दीड हजार रुपये मोजले आणि बाईंनी एकही सल्ला दिला नाही! पहाटे उठा नाही, अनुलोमविलोम नाही, पॉझिटिव्ह राहा नाही. “नुसतं ऐकत बसल्या,” ते म्हणाले. “मध्ये मी पाच मिनिटं काही बोललो नाही, तर त्याही बोलल्या नाहीत. त्याचेही पैसे!” त्यांनी हिशेब मांडून पाहिला होता, तीस रुपये मिनिट. त्याच रात्री त्यांना चार तास झोप लागली. हा योगायोग असावा असे त्यांचे मत पडले, आणि योगायोगाची खात्री करून घेण्यासाठी त्यांनी पुढची वेळ घेतली. पुढे बाईंनी झोपेची नोंद ठेवावयास सांगितली, तीत तर ते रमूनच गेले. रोज किती वाजता पडलो, किती वाजता उठलो, मधला फरक, शेरा. त्यांच्याइतकी नीटस नोंदवही बाईंच्या पाहण्यात आली नसावी. शेऱ्याच्या रकान्यात प्रथम ‘निरंक’ असे, हळूहळू तेथे वाक्ये येऊ लागली.

फीच्या बाबतीत त्यांनी मुकाट्याने हार मानली असे कोणी समजू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २१ प्रमाणे वैद्यकीय विमा शारीरिक आजाराला ज्या पायावर मिळतो त्याच पायावर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे, हे त्यांनी स्वतः शोधून काढले. प्रत्यक्षात पुष्कळशा पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय कशालाच पैसे देत नाहीत, त्यामुळे शरीर आणि मन यांना समान न्याय मिळतो तो नकाराचा. तरीही विमा कंपनीशी त्यांचा सध्या जो पत्रव्यवहार चालू आहे, त्यापासून त्यांना वारसाच्या कामासारखेच समाधान लाभत असल्याची शंका बाईंनी व्यक्त केली आहे. त्यावर एक संपूर्ण भेट खर्ची पडली.

गुप्ततेविषयी मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी बाईंना तीनदा बजावले होते. बाईंनीही सांगितले की, कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कायद्याने विचारले तरच, एरवी येथले बाहेर जाणार नाही. बाईंनी तो शब्द पाळला. स्नेह्यांनी नाही. दोन महिन्यांत कार्यालयाच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी स्वतःच सर्व हकीकत सांगितली, झोपेची नोंदवही दाखविली आणि संकीर्ण फाइलीत आणखी काय काय लावले गेले असावे यावर चर्चा घडवून आणली. वहिनींना हे कळल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “माझ्याविषयी काय बोलता तिथे?” आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्याने स्वतःसाठी वेगळ्या बाई शोधल्या. त्या कोथरूडला जातात आणि काय बोलतात हे सांगत नाहीत, याचा स्नेह्यांना थोडा त्रास होतो. तो विषय मंगळवारी निघतो म्हणे.

हल्ली त्यांच्या टेबलाशी दुपारी माणसे येतात. कोणाला मेव्हण्यासाठी नाव हवे असते, कोणाला चुलतभावासाठी. आणि ज्या कनिष्ठ लिपिकाच्या नावावर ही सगळी चौकशी सुरू झाली होती, तो परवा आला तो मात्र सरळ “मलाच पाहिजे साहेब” असे म्हणाला. प्रत्येकाला स्नेही बाईंचा क्रमांक देतात, सनद कशी तपासावी ते सांगतात, जमले नाही तर बदलावे हे सांगतात, आणि अर्जाचा नमुनाही देतात, जो आता त्यांनी टंकलिखित करून ठेवला आहे. फक्त एक अट घालतात. मंगळवारी संध्याकाळी सहाची वेळ कोणी मागू नये. त्या वेळेवर त्यांची वहिवाट आहे, आणि वाटल्यास ते तसे लेखी देण्यास तयार आहेत.